पाचवीची सहाण

आमच्या घराण्यात सहाण लेकीबरोबर सासरी जाते. थोरल्या मुलीचे लग्न झाले की ही वीतभर दगडी सहाण फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घालायची. पुढे माहेरी मूल जन्मले की तिने ती घेऊन यायचे. पाचव्या दिवशी, सटवाईची पूजा मांडतात त्या दिवशी, आत्याने तिच्यावर घुटी उगाळायची आणि घरच्या कर्त्या पुरुषाने ती बोटाने मुलाच्या जिभेला लावायची. सहाव्या दिवशी सहाण परत जायची. मधल्या काळात सहाणेने माहेरचा उंबरठा ओलांडायचा नाही. असे का, हे मी कोणाला विचारले नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नसत.

दगड काळा आहे. मधोमध खळगा पडलेला आहे. तो किती लेकरांच्या घुटीने पडला, हे सांगणारे कोणी उरले नाही. त्या खळग्यातून बोट फिरवले तर दगडावरून फिरते आहे असे वाटत नाही. लहानपणी मी एकदा फिरवले होते. पुन्हा फिरवले नाही.

मी शेंदूरजनाघाटचा. संत्र्याची बाग आणि कलमांची रोपवाटिका यांत माझे आयुष्य गेले. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो जगवायचा, वर्षभर सांभाळायचा आणि विकायचा. हजारो रोपे या हातांनी बांधली. कोवळ्या जिवाला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे मला कळते असा माझा समज होता. तो समज कसा गेला, ते लिहितो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना होता. बाग ताणावर होती. ताण म्हणजे झाडाचे पाणी मुद्दाम तोडणे. पाने पिवळी पडेपर्यंत झाडाला उपाशी ठेवायचे. मग पाणी दिले की ते फुलावर येते. बागेत त्या दिवसांत पाखरेही फारशी थांबत नाहीत. सकाळी मी बांधावर असताना मुलाचा अमरावतीहून फोन आला. तो तिथे नोकरीला आहे. सुनेचा रक्तदाब एकाएकी वाढला होता आणि पोटातल्या जिवाला धोका होता, म्हणून शस्त्रक्रिया करून मूल काढले होते. सातवा महिना नुकता संपला होता. मुलगी झाली होती. वजन बाराशे ग्रॅम.

आमच्या बागेतली सहा फळे तराजूत टाकली तर तेवढे भरते.

मी आणि माझी पत्नी दुपारपर्यंत अमरावतीला पोचलो. दवाखान्याच्या तळमजल्यावर नवजात बालकांचा विभाग होता. मध्ये मोठी काच, पलीकडे पेट्या. एकेका पेटीत एकेक मूल, अंगाला नळ्या आणि तारा लावलेले. एकावर निळा उजेड सोडलेला होता आणि त्याचे डोळे पट्टीने झाकले होते. मुले रडत होती; तोंडे उघडत होती, मुठी वळत होत्या, कपाळावर आठ्या पडत होत्या. काचेतून आवाज मात्र येत नव्हता. इतकी मुले एका ठिकाणी रडत आहेत आणि काहीही ऐकू येत नाही, असे मी तोवर पाहिले नव्हते.

आमची मुलगी तिसऱ्या पेटीत होती. ती तोंड उघडतही नव्हती. तिची कातडी इतकी पातळ होती की आतले दिसावे. नाकातून एक बारीक नळी पोटात गेली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि मुलाला समोर बसवले. त्या मध्यम वयाच्या, मोजके बोलणाऱ्या बाई होत्या. फुप्फुसांचे त्यांनी थोडक्यात सांगितले. मग आतड्यांकडे वळल्या आणि तिथे थांबून बोलल्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे आतडे तयार झालेले नसते. त्याला दूध पचवायचे ठाऊक नसते, जंतूंशी झुंजायचे ठाऊक नसते. अशा मुलाच्या आतड्याला कधी कधी सूज येते, त्याची भिंत मरू लागते आणि तिला भोक पडते. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. धोका कशाने वाढतो, एवढे सांगता येते. मूल जितके आधी जन्मले तितका धोका अधिक. वजन जितके कमी तितका अधिक. पोटात असताना किंवा जन्मताना रक्त किंवा प्राणवायू कमी पडला असेल तर अधिक. जंतुसंसर्ग झाला तर अधिक. आईच्या दुधाऐवजी वरचे दूध दिले तर अधिक, आणि दूध घाईने वाढवले तर तेही वाईट. आईचे पहिले दूध, आपण ज्याला चीक म्हणतो, ते औषधासारखे असते. थेंबही वाया जाऊ देऊ नका. दुधाशिवाय काहीही नको. पाणी नको, मध नको, घुटी नको.

मुलगा वहीत लिहून घेत होता. मला लिहायची गरज नव्हती. त्या यादीतला एकेक शब्द माझ्या ओळखीचा होता. फक्त तो मी पूर्वी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

आम्हाला पहिला मुलगा झाला होता. त्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होऊन गेली होती. तो आठव्या महिन्यात, घरीच जन्मला. माझ्या पत्नीला ताप होता. चीक वाईट असतो म्हणून तो पिळून भिंतीच्या कडेला टाकला. मुलाला शेळीचे दूध आणि गुळाचे पाणी कापसाच्या बोळ्याने पाजले. वडील हयात नव्हते, म्हणून घरचा कर्ता मी. पाचव्या दिवशी माझी थोरली बहीण अकोल्याहून आली होती, तिने घुटी उगाळली आणि मी ती जिभेला लावली. त्याने जीभ बाहेर काढून माझे बोट चाखले. सातव्या दिवशी पोट फुगले. हिरवी उलटी झाली. पोटाची कातडी ताणून चकचकीत झाली आणि तिच्यावर निळ्या शिरा उठल्या, संत्र्याचे पान उन्हात उलटे धरल्यावर दिसतात तशा. तो कण्हत होता. इतके लहान मूल म्हाताऱ्या माणसासारखे कण्हते, हे मला ठाऊक नव्हते. नवव्या दिवशी आवाज थांबला. बाहेरचे काही लागले, असे घरात ठरले. मीही ते मान्य केले. मान्य करायला सोपे होते.

डॉक्टरांसमोरून उठताना मी यातले काही त्यांना सांगितले नाही. मुलाला असा भाऊ होऊन गेला, एवढेच माहीत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या फाटकावर बहीण उभी दिसली. आम्ही तिला बाई म्हणतो. मला मुलगी नाही, म्हणून सहाण अजून तिच्याकडेच होती. वय ऐंशीच्या पुढे. ती अकोल्याहून एकटी एसटीने आली होती. काखेत फडक्याचे गाठोडे होते. पहारेकरी त्यात काय आहे ते विचारत होता.

"दगड हाय, बापू," ती त्याला सांगत होती. "बॉम्ब असता त तुयाच्यापासून लपवला असता."

तो हसला आणि त्याने तिला आत सोडले. मी तिला बाकावर बसवून विचारले, तुला कोणी कळवले. कारण आम्ही कोणालाच कळवले नव्हते. मूल तगते की नाही ते पाहून मग कळवू, असे माझ्या पत्नीने ठरवले होते.

"मले कोन कळवीन?" ती म्हणाली. "सहान वली झाली. पुसली, पुन्हा वली. मंग म्या लुगडं बदललं अन् निंगाली."

मी म्हणालो, दगडाला ओल धरते.

"पान्याच्या दिवसांत धरते. पौषात तुया बागेत तरी हाय काय वल?"

मी मुलाला बाजूला घेऊन विचारले. सुनेच्या माहेरी फोन करून विचारले. बाईला कोणी काही कळवले नव्हते. मग मी तो विषय सोडला. उत्तर मिळत नसेल तर प्रश्न धरून ठेवण्यात अर्थ नसतो. मात्र त्या सकाळपासून मला वेखंडाचा वास येऊ लागला. घुटीत वेखंड असते; त्याचा वास तिखट, मातकट, एकदा नाकात शिरला की निघत नाही. बाकावर यायचा, जिन्यावर यायचा, चहाच्या टपरीवर यायचा. घरच्या कोणाला विचारले तर येत नाही म्हणत. तो वास माझ्या आठवणीतला आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चौथ्या दिवशी मी बाईला डॉक्टरांचे सगळे सांगितले. या मुलीला घुटी द्यायची नाही, थेंबही नाही, आणि कारणही सांगितले. ती माझे बोलणे संपेपर्यंत काचेकडे पाहत होती.

मग ती हळू आवाजात बोलली. "तुया पहिला गेला ना, तो उपाशी गेला. आपन एकच बोट देल्लं. दोन द्याले पायजे व्हतं. सहान वली व्हते तवा तो येते, बापू. दारात उभा रायते. पोट दोन्ही हातांनी धरून."

मी विचारले, किती वर्षांचा दिसतो.

"नऊ दिवसांचा," ती म्हणाली. "पन उभा रायते."

मी तिला म्हणालो की हे पुन्हा कोणाजवळ बोलू नकोस, सुनेजवळ तर मुळीच नको. आणि घुटी द्यायची नाही. ती "बरं" म्हणाली. सत्तर वर्षे मी तिला ओळखत होतो. तिच्या "बरं"चा अर्थ होकार नसतो, हे मला माहीत असायला हवे होते.

सून दुसऱ्या मजल्यावर होती. ती दर तीन तासांनी दूध पिळून झाकणाच्या स्टीलच्या वाटीत काढायची, माझी पत्नी वाटी दाराशी आणून द्यायची आणि मी ती जिना उतरून काचेच्या दाराशी असलेल्या परिचारिकेकडे द्यायचो. परिचारिका त्यातले एखाद-दोन मिलिलिटर नळीवाटे मुलीच्या पोटात सोडायची. मला नेमून दिलेले काम तेवढेच होते. मी ते वेळेवर करत होतो.

पाचव्या दिवशी दुपारी वाटी दाराशी बाईने आणून दिली. पत्नी खाली चहा घ्यायला गेली होती, सून झोपली होती. मी काही विचारले नाही. जिन्याच्या वळणावर वेखंडाचा वास आला. या वेळी तो जवळून आला. मी थांबलो. झाकण उघडले. आत चिकाचा पिवळा रंग होता, तो रोजच असायचा. दोन दिवस जो वास सगळीकडे येत होता, तोच हा, असे मी ठरवले. झाकण लावले. खिडकीतून ऊन जिन्यावर पडले होते. खाली लोक ये-जा करत होते. तिथे उभे राहून मी किती वेळ घालवला ते मला सांगता येणार नाही, पण परिचारिका म्हणाली, "आजोबा, आज उशीर केला."

मी वाटी तिच्या हातात दिली.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला आत बोलावले. हात धुऊन, वर झगा घालून मी तिसऱ्या पेटीपाशी उभा राहिलो. परिचारिका टेपने मुलीचे पोट मोजत होती. रात्रीपासून ते वाढले होते. नळीतून हिरवे पाणी आले होते. पोटाची कातडी चकचकीत होती. तिच्यावर निळ्या शिरा उठल्या होत्या. पानाच्या शिरांसारख्या, पहिल्या मुलाच्या पोटावर होत्या तशाच. डाव्या बाजूला एक शीर वर जाऊन दुभंगली होती, ती मी ओळखली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी ती दोन दिवस पाहत बसलो होतो.

मग मुलगी कण्हली. पेटीच्या आतून आवाज फार बारीक आला.

डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारले, दुधाशिवाय पोटात काही गेले आहे का. घुटी, मध, ग्राइप वॉटर, काहीही. रागावणार नाही, पण खरे सांगा.

मुलगा लगेच म्हणाला की कोणी काही दिलेले नाही, सगळ्यांना बजावलेले आहे. माझ्या पत्नीने खाली पाहिले.

"घुटी गेली आहे," मी म्हणालो. "माझ्या हातून."

मुलाने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याविषयी मी काही लिहिणार नाही. डॉक्टर खरेच रागावल्या नाहीत. कधी, किती, कशाकशाची, एवढे त्यांनी विचारले. मला ते ठाऊक नव्हते. विचारून येतो असे म्हणून मी जिना चढलो.

बाई सुनेच्या खाटेजवळ स्टुलावर बसली होती. मी तिला बाहेर बोलावले आणि विचारले. तिने लपवले नाही.

"येखंडाचा एक येढा, मुरुडशेंगीचा एक. हयकुंड नाई लावलं. तिच्याच दुधात उगायलं."

किती घातले, असे मी विचारले.

"दोन बोटं," ती म्हणाली. "या टायमाले दोन."

मी खाली जाऊन डॉक्टरांना तसेच्या तसे सांगितले. त्यांनी लिहून घेतले. मग म्हणाल्या की हे त्यानेच झाले असे मी सांगू शकत नाही, त्याने झाले नाही असेही सांगू शकत नाही; ज्यांना आईच्या दुधाशिवाय काही दिलेले नसते त्यांनाही हे होते. या मुलीला धोका पहिल्या दिवसापासून होता. आता दूध बंद. पोट रिकामे ठेवायचे, शिरेतून पोषण आणि प्रतिजैविके द्यायची, आणि काही तासांनी क्ष-किरण फोटो घेत राहायचे. आतड्याबाहेर हवा दिसली, तर भोक पडले असे समजायचे आणि पोट उघडायचे. पहिला फोटो त्यांनी उजेडावर धरून दाखवला. आतड्याच्या भिंतीत बारीक बुडबुडे होते. जिवंत माणसाच्या आत हवा अशी चुकीच्या जागी शिरते, हे पाहून मला दारात उभे राहणारे ते मूल आठवले. मी नजर वळवली.

दुपारी मी बाईला अमरावतीच्या एसटी स्टँडवर सोडायला गेलो. त्याआधी मी सहाण मागितली.

"पाचवी झाली," ती म्हणाली. "आता सहान अकोल्याले जाते."

आता जात नाही, असे मी म्हणालो. तिने गाठोडे दिले. फडके ओले होते. तिने सहाण नुकतीच धुतली असावी. बसमध्ये चढताना तिने खांबाला धरून मागे पाहिले.

"म्या कोनाचं वाईट कराले नाई आली, बापू."

मला ते माहीत होते. मी तसे म्हणालो नाही. आता लिहिताना वाटते, म्हणायला हवे होते.

सातवा दिवस गेला. पोट उतरले नाही, वाढलेही नाही. मुलगा माझ्याशी बोलत नव्हता. आठव्या दिवशी बागेतून निरोप आला की झाडे पाने गाळू लागली आहेत, ताण तोडायला हवा. दवाखान्यात माझे काही काम उरले नव्हते. दूध बंद, वाटी बंद. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने मी गावी गेलो. सहाण पिशवीत होती.

नववा दिवस होता. मी मोजत नव्हतो असे म्हणणे खोटे होईल.

बाग पिवळी पडली होती. एका कोपऱ्यातले एकच झाड हिरवे होते. त्या झाडाला मी कधी ताण देत नाही. गडीमाणसे याला म्हाताऱ्याची खोड म्हणतात. आमच्याकडे लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. त्या कोपऱ्यात पहिल्या मुलाला ठेवले आणि पुढच्या हंगामात तिथे कलम लावले. हे गावात दोघांनाच ठाऊक होते. आता वाचणाऱ्यांना ठाऊक झाले.

ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यायचे असते. त्याला आंबवणीचे पाणी म्हणतात. मुळे उपाशी असतात; त्यांना एकदम भरपूर पाणी दिले तर झाड ते घेऊ शकत नाही आणि जी फुले धरणार ती गळून जातात. काही दिवसांनी दुसरे, चिंबवणीचे पाणी. मग पुढे भरपूर. तरुणपणी एका वर्षी मी घाई केली होती आणि पूर्ण बहार गमावला होता. त्यानंतर झाडांच्या बाबतीत मी घाई केली नाही. झाडांच्या बाबतीत.

सहाण मी बांधावर, उन्हात ठेवली आणि पहिल्या ओळीला पाणी सोडले. दोन तास काम केले. परत येऊन उचलली तर तिच्या खालची माती ओली होती. पाणी अजून चार ओळी दूर होते. मी माती चिमटीत धरून पाहिली. ओलीच होती. गड्याला विचारावेसे वाटले, पण त्याने काय सांगितले असते?

मी कुदळ घेतली. हिरव्या झाडाच्या बुंध्यापासून दोन हातांवर, मुळे तुटणार नाहीत अशा बेताने खड्डा केला. सहाण पालथी घातली, खळगा खाली करून. माती लोटली आणि पायाने दाबली. उभा राहिलो तोच खिशातला फोन वाजला. मुलगा होता. चार दिवसांत तो पहिल्यांदा बोलत होता.

"बाबा, फोटो चांगला आला. भिंतीतली हवा कमी झाली आहे. भोक नाही."

मी बरे म्हणालो. झाड माझ्या शेजारी होते. वारा नव्हता. त्याची पाने हलत होती, असे मला वाटले. पण मी खात्री करून घेतली नाही.

एकूण दहा दिवस मुलीला पोटात काही दिले नाही. दूध बंद झाल्यापासून अकराव्या दिवशी, मी गावाहून परतलो होतो तेव्हा, डॉक्टरांनी मला आणि मुलाला पुन्हा समोर बसवले आणि सांगितले की आता दूध सुरू करू. एकेक मिलिलिटर, तीन तासांनी. पोट बघत बघत वाढवू, घाई करणार नाही. आतडे पुन्हा सुजणार नाही याची खात्री त्या देत नव्हत्या.

"आंबवणीचे पाणी," मी म्हणालो. ते माझ्या तोंडून निघून गेले.

डॉक्टर प्रथमच हसल्या. "माझे वडील अंजनगाव सुर्जीचे, काका. ताण मला कळतो."

वाटी आता कोणी न्यायची, हा प्रश्न होता. मुलगा म्हणाला, मी नेईन, नोकरीवर सुटी वाढवून घेतो. त्याचे बरोबर होते. सून खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळे कळले होते. तिने वाटीला झाकण लावले आणि ती नवऱ्याच्या पुढे झालेल्या हातात दिली नाही.

"वाटी मामाजीच नेतीन," ती म्हणाली. "त्यायले वास ओळखू येते."

मामाजी म्हणजे मी. तिच्या बोलण्यात क्षमा होती की शिक्षा, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मी वाटी घेतली. त्या दिवसापासून मुलगी घरी येईपर्यंत दर वेळी मी जिन्याच्या वळणावर थांबलो, झाकण उघडले आणि वास घेतला. दुधाचा वास येई. दुसरा कोणताही वास आला नाही. बाई गेल्यापासून तो कुठेच आला नव्हता.

मुलगी फाल्गुनात घरी आली. तिच्या पोटावर कुठलीही शीर दिसत नव्हती. बारशाला बायका जमल्या, त्यांतल्या दोघींनी पत्नीला विचारले की सहाण कुठे आहे, आत्याबाई का आल्या नाहीत. आमच्यात घुटी बंद झाली, एवढे सांगून पत्नीने त्यांच्यापुढे हरभऱ्याच्या घुगऱ्या ठेवल्या. सगळे गेल्यावर मी तिला ओसरीवर बसवले. पहिल्या मुलाविषयी आम्ही पंचेचाळीस वर्षे एक शब्द बोललो नव्हतो. मी म्हणालो की त्याला बाहेरचे काही लागले नव्हते. आठव्या महिन्यातला होता, चीक फेकला, वरचे दूध पाजले आणि घुटी मी लावली. डॉक्टरांनी जी यादी सांगितली ती सगळी त्याच्यावर झाली होती, आणि शेवटचे बोट माझे होते.

ती घुगऱ्यांचे ताट पुसत होती. हात थांबला नाही.

"मले मालूम व्हतं," ती म्हणाली. "मले तवाच मालूम व्हतं. त्यानं तुमचं बोट धरलं अन् तोंड वाकडं केलं. मायले समजते."

मग कधी बोलली का नाहीस, असे मी विचारले.

"तुमी त्या झाडाले ताण देत नाई ना," ती म्हणाली. "म्हनून."

नात आता तीन वर्षांची आहे. सगळे खाते. यंदाच्या पौषात पुन्हा बाग ताणावर होती आणि मी महिनाभर आजारी होतो. गड्यांनी कोपऱ्यातल्या झाडाचे पाणीही तोडले. त्यांना सांगायचे राहून गेले होते. बरे वाटल्यावर मी नातीला घेऊन बागेत गेलो. सगळीकडे जमीन भेगाळलेली होती. ती हिरव्या झाडाखाली गेली, बुंध्यापासून दोन हातांवर बसली आणि मातीत बोट खुपसले. बोटाला चिखल लागला. तिने ते मला दाखवले, आणि तोंडाकडे नेऊ लागली.

मी तिचे मनगट धरले. धोतराच्या सोग्याने बोट पुसले, स्वच्छ होईपर्यंत. मग तिला उचलून बागेबाहेर आणले. त्या जागी मी उकरून पाहिलेले नाही.